निकाल आणि रंगत : मराठी कुस्तीवृत्त, गुणदान आणि शौकिनांचा वाद

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात कुस्तीला अनन्यसाधारण स्थान आहे, हे विधान कुस्तीविषयक बहुतेक लेखांच्या आरंभी आढळते. ते खोटे नाही. परंतु त्यात मल्ल, वस्ताद आणि तालीम यांचाच विचार झालेला असतो. फडाभोवती बसलेला, झालेली लढत घरी पोहोचेपर्यंत पुन्हा लढणारा, पंचाला चूक ठरविणारा आणि दुसऱ्या तालमीच्या मल्लावर विनोद रचणारा शौकीन या विचारातून निसटतो. वस्तुतः लढत चांगली झाली की वाईट, खरी होती की ठरवून केलेली, हा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या त्यानेच केलेला आहे. प्रस्तुत लेखात या निवाड्याची भाषा, कुस्तीच्या वृत्तलेखनाशी असलेले तिचे नाते आणि जानेवारी २०२३ मधील महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या वादात उघडे पडलेले या नात्याचे दुबळेपण यांचा विचार केला आहे. महाराष्ट्र केसरी किताबाचा आरंभ १९६१ साली तत्कालीन औरंगाबाद येथे झाला. त्यामुळे मराठवाड्यातील वाचकाला हा विषय केवळ कोल्हापूर-पुण्याचा वाटण्याचे कारण नाही.

फडाची परिभाषा

लढतीची प्रत सांगण्यासाठी शौकिनांजवळ आकडे नव्हते, शब्द होते. 'काटाजोड' म्हणजे दोन्ही बाजू इतक्या तोलामोलाच्या की तराजूचा काटा हलू नये. 'निकाली' म्हणजे चितपट होईपर्यंत चालणारी. तिला घड्याळाचे बंधन नाही. 'बरोबरीत सोडविली' यात पंचांचा नाइलाज आणि प्रेक्षकांची नाराजी दोन्ही येतात. आणि 'नुरा' म्हणजे दोघांनी आतून संगनमत करून केलेली. या शब्दांपैकी 'नुरा' सर्वांत जहाल. एखाद्या लढतीला तो चिकटला, की पुढे कितीही खुलासे केले तरी निघत नाही. मराठी वृत्तपत्रांच्या राजकीय वार्तांकनात हा शब्द आज इतका रुळला आहे की, दोन पक्षांच्या जाहीर भांडणामागे छुपा समझोता असल्याचा संशय व्यक्त करावयाचा असेल तर 'नुरा कुस्ती' या दोन शब्दांत काम भागते. कुस्तीने राजकारणाला दिलेला हा समीक्षेचा शब्द होय.

शब्दांच्या जोडीला बक्षिसाची उतरंड होती. जत्रेच्या फडात लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत, मग नारळावर, मग थोड्या पैशांवर. रक्कम चढत जाऊन मानाची 'शेवटची कुस्ती' सायंकाळी लागे. तथापि ही उतरंड लढतीपूर्वीची. ती अपेक्षा सांगते. खरे मूल्यमापन लढतीनंतर होई. जिंकलेला मल्ल फडाभोवती फेरी मारी आणि प्रेक्षक त्याच्या हातात स्वखुशीने नोटा ठेवत. मोठ्या बक्षिसाची कुस्ती रटाळ झाली तर ही फेरी रिकामी जाई आणि नारळावरच्या पोराने देखणा डाव टाकला तर त्याची ओंजळ भरे. मोसंबीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या पाचोडसारख्या गावातील वाचकास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. मालाची प्रत चारचौघांत, माल पाहून आणि स्वतःच्या खिशाला हात घालून ठरते, तसाच हा प्रकार होता.

याच फडावर निवेदक उभा असतो. कोथळीच्या शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी या कामाला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. मल्लाचे गाव, तालीम, वस्ताद, मागील जोडी हे सारे मुखोद्गत. ढाक, कलाजंग, झोळी, घिस्सा, एकचाक या डावांची नावे डाव पडता पडताच उच्चारली जातात आणि मागे हलगी वाजत राहते. नवख्या प्रेक्षकाला कुस्ती 'दिसू' लागते ती या निवेदनामुळे. परंतु एक मर्यादा मान्य केली पाहिजे. निवेदक यजमानांच्या निमंत्रणावरून आलेला असतो आणि यजमानाच्या मांडवात बसून जेवण अळणी आहे असे म्हणता येत नाही. कुस्ती रेंगाळली तर तो मल्लांना ललकारतो. 'ही जोडच चुकीची लावली' असे म्हणत नाही. ते म्हणण्याचे काम शौकिनाकडे उरते आणि तो ते बहुधा विनोदाने करतो.

दीर्घ लढत म्हणजे चांगली लढत नव्हे, हेही शौकिनाला फार पूर्वीपासून माहीत आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि झिबिस्को यांची लढत अडीच तासांहून अधिक काळ चालली आणि अनिर्णित राहिली. झिबिस्को बहुतेक वेळ पोटावर पडून राहिला होता. पुढे १९२८ साली पतियाळा येथे गामाने त्याच मल्लाला एका मिनिटाच्या आत चीत केले. इतिहासाच्या दृष्टीने पहिली लढत महत्त्वाची असेल. आठवणीत राहते ती दुसरी. निकाल आणि रंगत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की वाद माजतो.

ठरलेला निकाल आणि ताऱ्यांची मोजणी

जिथे निकाल आधीच ठरलेला असतो तिथे ही गल्लत होत नाही. व्यावसायिक कुस्तीचा हा प्रकार मराठी प्रेक्षकाला दूरचित्रवाणीपूर्वीच भेटला होता. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढती मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर गर्दी खेचत. त्या खऱ्या की नुरा, यावर वाद झडले. त्या काळाने मराठीला एक शब्द मात्र कायमचा दिला. नगरपालिकेच्या सभेत सदस्य एकमेकांवर धावून गेले की दुसऱ्या दिवशी बातमीत 'फ्रीस्टाइल हाणामारी' झालेली असते.

१९९०च्या दशकात केबलवाहिन्यांनी अमेरिकी कुस्ती घराघरांत आणली. तिच्याबरोबर पत्त्यांचे संच आले. प्रत्येक पत्त्यावर मल्लाचे चित्र आणि त्याखाली उंची, वजन, छाती, दंड, जिंकलेल्या लढती आणि क्रमांक. ज्या पिढीने शाळेच्या मधल्या सुटीत हे पत्ते खेळले, तिने मल्लाची तुलना आकड्यांनी करण्याचा पहिला धडा तिथे घेतला. अंडरटेकर मरून पुन्हा जिवंत होतो, यावर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे असे वर्गात दोन तट असत. १९९६च्या 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटातील अंडरटेकर हा खरा नसून ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल होता. त्यानेच १९९४ साली अमेरिकेतही नकली अंडरटेकरची भूमिका केली होती. नाटकातील पात्राचीही नक्कल निघते आणि प्रेक्षक दोन्ही खरे मानतो, हे त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आले असेल.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७च्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात व्यावसायिक कुस्तीला खेळ न मानता देखावा मानले आणि तिची तुलना रंगभूमीशी केली. एकदा हे मान्य केले की 'कोण जिंकले' हा प्रश्न गौण होतो व 'प्रयोग कसा झाला' हा प्रश्न मुख्य ठरतो. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम डेव्ह मेल्टझर या पत्रकाराने आपल्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्रातून १९८०च्या दशकापासून केले. लढतीला शून्य ते पाच तारे द्यावयाचे, पाव ताऱ्याचाही हिशेब ठेवावयाचा, फारच वाईट असेल तर उणे तारे, अशी ही पद्धत. ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममध्ये झालेल्या काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांच्या लढतीला त्यांनी सहा तारे दिले आणि जून २०१८ मध्ये ओसाका येथील त्याच जोडीच्या लढतीला सात. पाचपैकी सात म्हणजे शंभरपैकी एकशेचाळीस गुण. असा निकाल महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातून बाहेर पडला असता तर काय झाले असते, याची कल्पना अध्यापकवर्ग करू शकेल. चाहत्यांनीही थट्टेची संधी सोडली नाही. लढत टोकियोत झाली की एक तारा वाढीव मिळतो, हा त्यांचा नेहमीचा विनोद. स्वतः मल्लही या ताऱ्यांवर रुसले आहेत.

मोजपट्टी म्हणून ही पद्धत कच्ची आहे, यात शंका नाही. तरीही तिची एक बाजू दुर्लक्षिता येत नाही. त्या ताऱ्यांखाली एका माणसाचे नाव आहे. मत चुकीचे असेल, पक्षपाती असेल. परंतु ते कोणाचे हे ठाऊक आहे, त्याची मागील मते उपलब्ध आहेत आणि म्हणून त्याच्याशी भांडता येते. चाहत्यांची सारी थट्टा त्याच्या वाट्याला येते आणि तो ती झेलतो. मराठी कुस्तीवृत्तात नेमकी हीच जागा रिकामी आहे.

चार गुण

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूड येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड याने सिकंदर शेख याचा ६-४ असा पराभव केला. महेंद्रने टाकलेल्या बाहेरील टांगेच्या डावाला चार गुण देण्यात आले आणि वाद पेटला तो या चार गुणांवरून. पुढे किताबाच्या लढतीत शिवराज राक्षे याने महेंद्रला एका मिनिटाच्या आत चीत करून गदा मिळवली. परंतु लोक बोलत राहिले ते आदल्या लढतीविषयी.

नियम थोडक्यात असा. उभ्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला थेट पाठीच्या धोकादायक स्थितीत फेकले तर चार गुण. नुसते खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन. सिकंदरच्या समर्थकांचे म्हणणे असे की, तो पाठीवर आलाच नाही, कुशीवर वळला. मग चार कसे? पंचांनी आपला निर्णय योग्य असल्याचे सांगितले. काही सेकंदांची चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. आयुष्यात लंगोट न बांधलेल्यांनी खांद्याचा कोन मोजला. विनोदी चित्रे निघाली, पंचांची खिल्ली उडविली गेली. इथवर ते शौकिनांच्या परंपरेला धरून होते. पण वाद डावावरून सरकून मल्लाच्या जिल्ह्यावर, तालमीवर आणि काही ठिकाणी धर्मावर गेला, तेव्हा परंपरा सुटली. पंचाला दूरध्वनीवरून धमकावल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. ज्याने डाव टाकला त्या महेंद्र गायकवाडचे कौशल्य तर या गदारोळात कोणाच्या लेखीच राहिले नाही. जिंकलेला मल्ल इतका अनुल्लेखित राहण्याचा हा दुर्मीळ प्रसंग असावा.

या सर्व काळात वृत्तलेखनाने काय केले? बहुतांशी एका स्तंभात मल्लाची नाराजी आणि शेजारच्या स्तंभात पंचांचा खुलासा छापला. बक्षिसाची थार गाडी, मान्यवरांची नावे, गुणसंख्या हे सारे होते. डाव टाकताना महेंद्रचा पाय कुठे अडकला होता, सिकंदरची पाठ मातीकडे किती वळली, पंच कोणत्या बाजूस उभा होता, त्याला तिथून काय दिसले असेल, याचे वर्णन करून 'माझ्या मते चार योग्य' किंवा 'माझ्या मते दोनच योग्य' असे स्वतःच्या नावानिशी लिहिणारा वार्ताहर विरळा. नाट्यप्रयोगाचे, गाण्याच्या मैफलीचे परीक्षण मराठीत शतकाहून अधिक काळ लिहिले जात आहे. त्यात परीक्षक चुकतो, त्याच्यावर टीका होते, तो पुन्हा लिहितो. कुस्तीला बातमी मिळाली, गौरवग्रंथ मिळाले, परीक्षण मिळाले नाही. परिणामी मत देण्याची सारी जबाबदारी एकट्या पंचावर पडली आणि मतभेदाचा सारा रागही.

अर्थात गुणपद्धती हीच दोषी, असे म्हणून जुन्या निकाली कुस्तीचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. निकाली कुस्तीतही 'दोन्ही खांदे टेकले की नाही' यावरून फड उधळले गेले आहेत. त्याचा पुरावा दूर शोधावयास नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ याच्याविरुद्ध चितपट दिल्यावरून शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली. तिथे गुणांचा प्रश्नच नव्हता; खांदे टेकले की नाही एवढाच होता. त्यानंतर किताबाची लढत अर्धवट सोडून महेंद्र गायकवाड बाहेर पडला. दोघांवरही तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. २०२३ साली ज्याच्या बाजूने निर्णय गेला म्हणून वाद झाला, तोच मल्ल दोन वर्षांनी पंचांवर नाराज होऊन निघून गेला, हा योगायोग शौकिनांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

विनोदाची बाजू

शौकिनांच्या विनोदाला केवळ टवाळी समजणे अन्यायाचे ठरेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या दुफळीमुळे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगाव येथे सिकंदर शेख याने शिवराज राक्षेला काही सेकंदांतच अस्मान दाखविले आणि थोड्याच दिवसांत धाराशिव येथील दुसऱ्या स्पर्धेत शिवराज विजेता ठरला. एका राज्यात दोन केसरी, ही परिस्थिती ज्या गांभीर्याने कार्यक्रमपत्रिकांवर छापली जात होती, ते पाहता तिच्यातील विसंगती सांगण्याचे काम विनोदानेच होऊ शकत होते. विनोद इथे समीक्षेची उसनी जागा चालवतो. त्याची अडचण एवढीच की, त्याला सही नसते. कोणी रचला हे ठाऊक नसते, म्हणून तो मागेही घेता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही.

फुलगावच्या लढतीने सिकंदरच्या समर्थकांचे समाधान झाले, जणू जानेवारीचा हिशेब चुकता झाला. तर्काच्या दृष्टीने त्याचा जानेवारीच्या चार गुणांशी काहीही संबंध नव्हता. महेंद्रची ती टांग चार गुणांची होती की दोन, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, केवळ विचारला जाईनासा झाला. ती चित्रफीत अद्याप उपलब्ध आहे. एखाद्या जुन्या मल्लाने किंवा जाणत्या वार्ताहराने ती शांतपणे, पुन्हा पुन्हा पाहून, डावाच्या प्रत्येक टप्प्याचे वर्णन करून आपल्या नावाने दोन पाने लिहिली तर ती आजही वाचली जातील.