पहिला वाचनपाठ आणि मुलाचें बोलणें

मुलास अक्षरें लागलीं कीं वाचन आलें, ही समजूत आपल्या घरांतून इतकी रुजली आहे कीं पहिल्या वाचनपाठांकडे चिकित्सेनें पाहण्याचें कोणास सुचत नाहीं. बिनकान्याचीं अक्षरें आधीं, काना-मात्रा मागाहून, हा त्यांचा जुना क्रम. शिकविणारास तो सोयीचा खरा. पण त्यामुळें वाक्यें अर्थासाठीं न जुळतां अक्षरांसाठीं जुळतात, आणि 'आई', 'भाकरी' हे शब्द दूर राहतात.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जातांना लागणाऱ्या टोकावड्याच्या परिसरांतलें ठाकराचें वा कातकऱ्याचें पोर घ्या. पाऊस लांबला तर आवणी कां अडते, हें तें कारणासह सांगतें. 'तर', 'म्हणून', 'नाहींतर' हे विचाराचे सांधे त्याच्या बोलण्यांत पक्के असतात. असल्या पाठांत ते शोधूनही सांपडत नाहींत! मग अडखळणाऱ्या त्या पोरास मंद म्हणावयाचें, कीं पाठास?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हांच्या याच ठाणे जिल्ह्यांत, उलट वाट धरली. मूल शाळेंत येईना, तेव्हां शाळाच अंगणांत आणि गुरांमागें कुरणांत गेली. अक्षरांची शिस्त नको, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ती चुकविल्यास नुकसान मुलाचेंच. पण मोजक्या अक्षरांबरोबरच काना दिला, तर 'पाऊस आला' लवकरच वाचतां येतें, आणि तो किती पडला म्हणजे आवणी लागेल, यावर सगळा वर्ग बोलूं लागतो.