रंगावरून ओळख : कुठवर पुरते?

ऑड्युबॉन सोसायटीच्या क्षेत्रपुस्तिकांच्या मालेत रिचर्ड स्पेलेनबर्ग यांचे पश्चिम अमेरिकेतील रानफुलांवरचे पुस्तक १९७९ साली निघाले. आधी रंगीत छायाचित्रे, तीही फुलांचा रंग व आकार पाहून लावलेली. मागे कुलवार वर्णने. वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसालाही रानात नेणारी ही मांडणी आहे आणि तिचे हे श्रेय आम्ही मान्य करतो. मात्र सूर्यफूल कुलातील वाळवंटी झुडपांपाशी ती तोकडी पडते. शिक्षकांनी याचे कारण समजून घेणे उपयोगाचे आहे.

एन्सेलिया ही प्रजाती घेऊ. सोनोरन आणि मोहावी वाळवंटांत तिच्या अनेक जाती आढळतात आणि त्यांची फुले पिवळी असतात. म्हणजे रंगाने पहिल्याच पायरीवर हात टेकले! मग नजर जाते पानांकडे. एन्सेलिया फॅरिनोसा या नावातच पीठ आहे. पानांवरच्या दाट पांढऱ्या लवीमुळे ते पडले. किनाऱ्याकडच्या, जवळजवळ लव नसलेल्या कॅलिफोर्निका जातीच्या तुलनेत या लवीमुळे पानात शोषला जाणारा प्रकाश ५६ टक्क्यांपर्यंत घटतो, असे एह्लरिंजर, ब्योर्कमन आणि मूनी यांनी १९७६ साली दाखवले. त्यामुळे पान कमी तापते. परंतु ही लव ऋतूनुसार बदलते. ओल असताना फुटलेली पाने हिरवट, तर कोरड्या दिवसांतली पांढरी. एकाच झुडपाची दोन छायाचित्रे दोन जातींची वाटावीत! उलट अ‍ॅक्टोनी या वेगळ्या जातीची पानेही रुपेरी करडीच असतात.

मग भरवसा कशावर ठेवायचा? फुलांच्या देठावर. फॅरिनोसाचा देठ फांद्या फुटून अनेक स्तबके धरतो; अ‍ॅक्टोनीच्या एका देठावर एकच स्तबक. फ्रुटेसेन्समध्येही एकच, पण तिथे कडेची किरणपुष्पके सहसा नसतातच आणि पान खरखरीत लागते. वरून टिपलेल्या छायाचित्रात देठ दिसत नाही आणि खरखरीतपणा तर बोटांनाच कळतो. आज मोबाइलवर छायाचित्र दाखवून नाव विचारले, तरी ही अडचण तशीच राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका चित्राखाली एक नाव, या मांडणीमुळे जातींच्या सीमा आखीव असतात असा समज होतो. एन्सेलियाच्या जातींमध्ये संकर सहज होतो. बाहा कॅलिफोर्नियात व्हेंटोरम ही जाती वाळूच्या टेकड्यांवर, तर पामेरी लगतच्या वाळवंटी जमिनीवर वाढते. त्यांचा संकर वारंवार होतो. तरी संकरित झुडपे दोन्ही अधिवासांच्या सीमेवरच तग धरतात आणि नैसर्गिक निवड मूळ जाती वेगळ्या राखते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हा झुडूप कुठे उगवले आहे, हीसुद्धा ओळखीची खूण ठरते.

हा धडा आपल्या वर्गातही देता येईल. त्याच कुलातली, अमेरिकेतूनच आलेली एकदांडी शाळेच्या कुंपणाशी सापडते. लांब देठावर एकच स्तबक, हे लक्षण लोकांनी तिच्या नावातच नोंदवले आहे. विद्यार्थ्यांना नाव सांगण्याआधी देठ, किरणपुष्पके, पानाचा स्पर्श आणि जागा वहीत लिहू द्यावी. पुस्तकातले चित्र त्यानंतर उघडावे.