आहारोपदेशातील विध्यर्थ : जॉन युडकिन यांच्या ग्रंथाची एक चिकित्सा

आहाराविषयी वैद्यकाने दिलेला उपदेश प्रसंगी चुकीचा ठरतो, हे आता सर्वमान्य आहे. मात्र तो नेमका कोठे चुकतो याचा विचार बहुधा रसायनशास्त्राच्या वा शरीरशास्त्राच्या अंगाने होतो. भाषेच्या अंगाने तो क्वचितच होतो. वस्तुतः उपदेश ही भाषिक कृती आहे. संशोधकाचा निष्कर्ष आणि जेवणाऱ्याच्या पानातील पदार्थ यांच्यामध्ये काही वाक्ये उभी असतात, आणि या वाक्यांतच पुष्कळदा घोटाळा होतो. तो उपदेशकाकडून होतो, तसाच उपदेशावर आक्षेप घेणाऱ्याकडूनही होतो. जॉन युडकिन यांचा 'प्युअर, व्हाइट अँड डेडली' हा 1972 सालचा ग्रंथ या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

युडकिन हे लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात पोषणशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या काळी हृदयरोगाचे खापर आहारातील स्निग्ध पदार्थांवर, विशेषतः संपृक्त स्निग्धांवर, फोडले जात होते. या मताचे अध्वर्यू अमेरिकेतील ॲन्सेल कीज. त्यांनी 1953 साली सहा देशांची आकडेवारी मांडून स्निग्धांचे सेवन आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू यांचा निकट संबंध दाखविला. आकडेवारी 22 देशांची उपलब्ध होती आणि ती सर्व घेतल्यास हा संबंध पुष्कळ क्षीण होतो, असा आक्षेप येरुशाल्मी आणि हिलेबो यांनी 1957 साली घेतला. तथापि 1961 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्निग्धांविषयीचा सल्ला प्रसृत केला आणि हळूहळू तोच रूढ झाला. युडकिन यांनी त्याविरुद्ध उभे राहून साखरेला दोषी ठरविले. आपल्या बाजूने लोकमत वळविण्यासाठी लिहिलेला हा ग्रंथ आहे, आणि अमेरिकेत तो 'स्वीट अँड डेंजरस' या नावाने निघाला. 'प्युअर' हे विशेषण साखरेच्या व्यापारात स्तुतिवाचक. त्यालाच युडकिन यांनी आरोपपत्राचा पहिला शब्द केले आहे. ग्रंथाची प्रकृती या नावातच व्यक्त होते.

मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले आहेत. आहारविषयक युक्तिवाद तपासण्यास ही विभागणी फार उपयोगी पडते. 'साखर अधिक खाणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो' हे वाक्य स्वार्थातील. ते निरीक्षणाने सिद्ध होते. 'त्यांनी साखर कमी खाल्ली असती, तर विकार टळला असता' हे संकेतार्थातील. त्याला निरीक्षण पुरत नाही, तुलनात्मक प्रयोग लागतो. 'साखर कमी खावी' हे विध्यर्थातील. त्याला प्रयोगाखेरीज हिताहिताचा विवेकही लागतो. 'साखर सोडा' हा आज्ञार्थ. तो कोणी कोणाला करावा, हा अधिकाराचा प्रश्न आहे. पहिल्या वाक्यापासून चौथ्यापर्यंत पोचण्यास तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला स्वतंत्र पुरावा द्यावा लागतो.

विध्यर्थाची आणखी एक अडचण आहे. 'साखर हे या विकाराचे कारण असावे' आणि 'आहारात साखर कमी असावी' या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकाच अर्थाचे आहे. पहिल्यात मात्र तर्क आहे, तर दुसऱ्यात कर्तव्य. संभवाचे 'असावे' कर्तव्याच्या 'असावे'त केव्हा मिसळले, हे वाचकाच्या ध्यानात येत नाही. पुष्कळदा लेखकाच्याही येत नाही.

ही पायरी ओळखण्याची दृष्टी युडकिन यांच्याजवळ निश्चित होती. 1957 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी ब्रिटनमधील हृदयरोगाच्या मृत्यूंची वाढ निरनिराळ्या वस्तूंच्या वापराशी ताडून पाहिली. कोणत्याही अन्नपदार्थापेक्षा रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांच्या संख्येशी ती अधिक जुळते, असे त्यांना आढळले. रेडिओ ऐकल्याने हृदय बंद पडते असे कोणी म्हणणार नाही. दोन आलेख शेजारी शेजारी चढत गेले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हा धडा कीज यांच्या आलेखाला जितका लागू, तितकाच तो पुढे युडकिन यांच्याही आलेखांना लागू होता.

ग्रंथात मात्र हा धडा मागे पडलेला दिसतो. हृदयविकाराचे रुग्ण इतरांपेक्षा अधिक साखर खात असत, असे 1964 साली युडकिन यांना आढळले होते. यावर कीज यांनी 1971 साली कडक टीका केली. धूम्रपान करणारे लोक गोड चहा-कॉफी अधिक पितात. तेव्हा साखरेच्या नावावर मांडलेला दोष तंबाखूचा असू शकतो, हा त्यांचा एक मुद्दा होता. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कार्यगटालाही 1970 साली साखरेविरुद्धचा पुरावा फारच तोकडा वाटला होता. साखर हा आज नव्याने बाजारात येणारा पदार्थ असता तर त्यावर बंदी आली असती, या आशयाचा युडकिन यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. त्याचे रूप संकेतार्थाचे आहे. परंतु त्याचे कार्य आज्ञार्थाचे आहे.

अर्थात रूढ उपदेश या दोषातून मुक्त होता असे नव्हे. उलट त्याच्यामागे शासनाचे बळ असल्याने तेथे दोषाचा परिणाम अधिक व्यापक झाला. मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी सिनेटच्या समितीने 1977 साली आहाराची राष्ट्रीय उद्दिष्टे जाहीर केली. त्यांत साखर कमी करण्याचाही समावेश होता, पण लोकांच्या मनात ठसले ते 'स्निग्ध टाळावे' एवढेच. येथे व्याकरणाची एक लहानशी गोष्ट महत्त्वाची ठरते. 'टाळणे' या क्रियापदाला एक कर्म दिले की वाक्य पूर्ण होते. पान मात्र तेवढ्याने पूर्ण होत नाही. लोणी टाळले तर त्याच्या जागी काय, हे वाक्य सांगत नाही. पुष्कळांनी लोण्याच्या जागी मार्गारीन घेतले. भारतात 1937 पासून विकल्या गेलेल्या डालड्याने तर आपले व्यापारी नाव वनस्पती तुपाचा पर्यायशब्द करून सोडले. अशा अंशतः हायड्रोजनीकृत तेलांतील ट्रान्स स्निग्धे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितात, हे मेन्सिंक आणि कटान यांनी 1990 साली प्रयोगाने दाखविले. भारतात तेला-तुपातील या द्रव्यांची मर्यादा 2022 च्या जानेवारीपासून 2 टक्क्यांवर आणली गेली.

'एकूण स्निग्धे कमी करावीत' या विधीची मोठी परीक्षा अमेरिकेत 48,835 स्त्रियांवर झाली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे आठ वर्षांनंतरही हृदयविकारात लक्षणीय घट आढळली नाही. आहारातील कोलेस्टेरॉलची 300 मिलिग्रॅमची मर्यादाही अमेरिकी मार्गदर्शिकेच्या 2015 च्या आवृत्तीत राहिली नाही. मात्र संपृक्त स्निग्धांवरील 10 टक्क्यांची मर्यादा तिने कायम ठेवली, आणि त्यांच्या जागी असंपृक्त तेले घेतल्यास लाभ होतो या मताला आजही चांगला आधार आहे. उपदेशाचा एक भाग ढासळला म्हणून संपूर्ण इमारत कोसळली असे मानणे अयोग्य होय.

हे सांगणे आवश्यक झाले आहे, कारण 2012 साली युडकिन यांचा ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध झाला आणि त्यांना द्रष्टेपण बहाल करण्यात आले. 2016 साली तर अमेरिकेतील जुन्या कागदपत्रांवरून उघड झाले की, 1967 सालच्या एका प्रतिष्ठित समीक्षालेखासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते, आणि त्या लेखात साखरेवरील संशय सौम्य करून स्निग्धांवरील भर वाढविला होता. ही गोष्ट निंद्य आहे. परंतु प्रतिपक्षाचा हेतू दूषित होता, यावरून आपला पक्ष सिद्ध होत नाही. युडकिन यांच्यावर अन्याय झाला असेल. अन्याय हा पुरावा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेवर घातलेली मर्यादा युडकिन यांचा विजय म्हणून सांगितली जाते. मात्र ती मुख्यतः शरीराचे वजन आणि दातांची कीड यांच्या पुराव्यावर आधारलेली आहे; हृदयरोगावर नव्हे. अतिरिक्त साखर आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू यांचा संबंध पुढील निरीक्षणांत आढळला आहे. पण ते विधान स्वार्थातील आहे. त्या मार्गदर्शिकेचे खरे महत्त्व तिच्या भाषेत आहे. एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी साखर, ही तिची दृढ शिफारस. 5 टक्क्यांहून कमी, ही सशर्त. दोहोंसाठी क्रियापदेही वेगळी योजली आहेत, कारण दुसरीचा पुरावा फार दुर्बळ आहे. मराठीत दोन्हींसाठी 'करावे' लिहिले, की हा भेद पुसला जातो. 'करावे' आणि 'केल्यास हितकर ठरण्याचा संभव आहे' या रचना मराठीत उपलब्ध आहेत. त्या पाळण्याची शिस्त मात्र हवी.

ही शिस्त जुन्या व्यवहारात अगदीच नव्हती असे नाही. 'पथ्य' हा शब्द उच्चारला की कोणाचे आणि कशावरचे, हे दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. साऱ्या राष्ट्राला उद्देशून केलेल्या उपदेशात हे दोन्ही प्रश्न लोपतात. मधुमेही वृद्ध आणि शेतात राबणारा तरुण यांना एकच वाक्य ऐकावे लागते.

युडकिन यांनी रूढ मताला प्रश्न विचारला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. त्यांची उणीव एवढीच, की जो प्रश्न त्यांनी कीज यांच्या आलेखाला विचारला, तो आपल्या ग्रंथाला तितक्याच कठोरपणे विचारला नाही. अशा ग्रंथांतून 'वैद्य चुकले' एवढेच घेऊन जाणारा वाचक उद्या रक्तदाबाची गोळीही सोडून देईल. आणि प्रश्नच न विचारणारा वाचक काल लोणी सोडून डालड्याकडे गेला होता. दोघांचीही हानी एकाच कारणाने होते. 'आढळते' आणि 'टाळावे' यांच्यामधील अंतर त्यांना कोणी दाखविलेले नसते.