फळ ‘होते’, पण कोणाच्या सांगण्यावरून?

मे महिन्यात लोणावळ्याच्या घाटात रस्त्याकडेला करवंदे विकायला येतात. पानाच्या द्रोणातले करवंद उचलायचे, दाताने फोडायचे आणि शेजाऱ्याला विचारायचे, ‘कोंबडा की कोंबडी?’ आत लाल निघाले तर कोंबडा, फिके निघाले तर कोंबडी. हा खेळ मावळातल्या मुलांना शिकवावा लागत नाही. बाहेरून सारखी काळी दिसणारी फळे आतून वेगळी का, हा त्यातला प्रश्न अस्सल जीवशास्त्राचा आहे. पण शाळा उघडली की पुस्तकात फुलाचा धडा एका वाक्यावर येऊन थांबतो: फलनानंतर बीजांडाचे बी होते आणि अंडाशयाचे फळ होते.

या एका वाक्याचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. वाक्य चुकीचे नाही. फूल आणि फळ या दोन वेगळ्या वस्तू नसून एकाच अवयवाच्या दोन अवस्था आहेत, हे ते थोडक्यात सांगते. आमची तक्रार ‘होते’ या क्रियापदाबद्दल आहे. ते कोण घडवते, केव्हा आणि कशामुळे, याचा पत्ता ते लागू देत नाही. संप्रेरकांची नावे एका धड्यात, फुलाची आकृती दुसऱ्या धड्यात आणि जनुके तिसऱ्याच धड्यात येतात. हे तिघे एकमेकांना कधी भेटत नाहीत. मग विद्यार्थी ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन ही नावे पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

प्रथम संप्रेरके पाहू. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सर्वांना ठाऊक आहे. तिचा लाल, रसाळ भाग अंडाशयापासून बनतच नाही. तो फुगलेला पुष्पाधार असतो. तिच्या अंगावर जे बारीक ‘बी’ दिसतात, ती खरी फळे. म्हणजे पुस्तकातले वाक्य येथेच अडखळते. 1950 मध्ये ज्याँ निच या शास्त्रज्ञाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे हे दाणे काढून टाकले, तेव्हा तिची वाढ थांबली. काही दाणे ठेवले, तर तेवढाच भाग फुगला. सगळे दाणे काढून त्यांच्या जागी ऑक्झिन लावले, तेव्हा वाढ पुन्हा सुरू झाली. वाढण्याचा निरोप बियांकडून येतो आणि तो निरोप म्हणजे एक रसायन आहे, हे या साध्या प्रयोगाने दाखवले.

हाच निरोप बाहेरूनही देता येतो, हे आपल्या द्राक्षबागायतदारांना चांगले माहीत आहे. थॉम्पसन सीडलेस द्राक्षात फलन होते, पण बी अर्ध्यावर खुंटते. त्यामुळे बियांकडून मिळणारे जिबरेलिन अपुरे पडते आणि मणी लहान राहतो. नाशिक-सांगलीकडे घड जिबरेलिनच्या द्रावणात बुडवतात, ते ही उणीव भरून काढण्यासाठी. अमेरिकेतही ब्लूबेरीच्या काही बागांत परागण नीट झाले नाही, तर जिबरेलिन फवारून फळ धरवतात. अशी फळे बहुधा लहान राहतात, कारण ब्लूबेरीत बिया जितक्या जास्त तितके फळ मोठे असा संबंध आढळतो.

आता जनुकांकडे वळू, आणि त्यासाठी मावळातच थांबू. तळेगाव दाभाडे आणि पवन मावळातल्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत गुलाब परदेशी जातात. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरचे कोणी ना कोणी तेथे कामाला असते. रानगुलाबाला पाकळ्या बहुधा पाच. या गुलाबाला कितीतरी जास्त. त्या आल्या कोठून?

1991 मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी याचे सूत्र मांडले. फुलात जनुकांचे तीन गट काम करतात. त्यांना अ, ब, क म्हणू. एकटा अ असेल तेथे निदल, अ आणि ब मिळून पाकळी, ब आणि क मिळून पुंकेसर, एकटा क असेल तेथे स्त्रीकेसर. क गटाचा अंमल आक्रसला की पुंकेसराच्या जागी पाकळी येते. बागेतल्या गुलाबात हेच झाले आहे. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग ही चार नावे आपण वर्षानुवर्षे आकृतीला चिकटवून घेतो. त्यांच्यामागे इतका सुटसुटीत हिशेब आहे, हे सांगत नाही.

या गटांतली बहुतेक जनुके ‘मॅड्स-बॉक्स’ नावाच्या कुळातली आहेत. टोमॅटोचे एक वाण असे आहे की त्याचे फळ वाढते, पण पिकत नाही. 2002 मध्ये त्यातले बिघडलेले जनुक ओळखले गेले, तेव्हा तेही याच कुळातले निघाले. फूल घडवणारे आणि फळ पिकवण्यात भाग घेणारे कूळ एकच! धडा मात्र दोहोंमध्ये रेघ मारतो. करवंदाचा कोंबडाही येथेच उलगडू लागतो. सालीच्या आणि गराच्या पेशींत जनुके तीच असतात; रंगद्रव्य बनवणारी जनुके कोणत्या पेशीत, केव्हा कामाला लागतात, यावर रंग ठरतो.

एवढे सगळे शाळेत कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ‘हार्मोन’ हा शब्द मुले शाळेबाहेर ऐकतातच, आणि तेथे तो ‘विष’ या अर्थाने येतो. भाताच्या पेंढ्यात आंब्याची आढी लावणारी आजी इथिलीन हेच संप्रेरक कामाला लावत असते; आंब्यातूनच निघणारा हा वायू पेंढ्यात कोंडला जातो. कॅल्शियम कार्बाइडने आंबा पिकवणे वेगळे. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनची नक्कल करतो, आणि कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे घातक अंश असू शकतात; म्हणून त्यावर कायद्याने बंदी आहे. हा भेद ज्याला कळत नाही, तो एक तर सगळ्याला घाबरतो किंवा कशालाच घाबरत नाही. फवारणीचा पंप पुढे याच मुलांच्या हाती येणार आहे.

धडा बदलण्याची वाट न पाहता तीन गोष्टी करता येतील. पॉलिहाऊसमधून टाकून दिलेला एक गुलाब आणावा, पाकळ्या बाहेरून आत एकेक सोडवत जाव्यात आणि आतल्या बारीक पाकळ्यांच्या कडेला परागकोशाचा पिवळा अवशेष सापडतो का ते पाहावे. हिरव्या आंब्यांपैकी काही आढीत व काही उघड्यावर ठेवून रोज नोंद करावी. आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना सांगावे की, करवंदे खाताना प्रत्येकाची लांबी मोजा, बिया मोजा, कोंबडा की कोंबडी तेही लिहा. जूनमध्ये त्या वह्या उघडल्या की पुस्तकातले ते वाक्य फळ्यावर लिहावे आणि ‘होते’ या शब्दाखाली रेघ ओढून वर्गाला विचारावे: कशामुळे?