शांततेची मजुरी

चऱ्होलीत राहणाऱ्याला लग्नसराई कळायला पंचांग लागत नाही. शेजारी आळंदी. तिथल्या कार्यालयांत चित्रित झालेली लग्ने इकडच्या भाड्याच्या खोल्यांत संगणकांवर येऊन पडतात. अशा खोल्यांत मी गेली दोन वर्षे जाऊन बसतो आहे. एका मुलाने हिशेब सांगितला : ड्रोन उडवणाऱ्याला एका सकाळचे जे मिळते, तेवढ्यासाठी त्याला आठवडाभर एडिटिंग करावे लागते. आवाज साफ करणे, रंग जुळवणे ही कामे त्याच पैशांत ‘धरून’. चाकणच्या जॉबवर्कसारखा इथेही भाव नगावर. पण तिथे निदान प्रत्येक प्रक्रियेचा दर वेगळा लिहिलेला असतो.

हा फरक कौशल्याचा आहे असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. छोट्या कामात हे सिद्ध करणे अवघड, म्हणून सर्वांनी पाहिलेला ‘सैराट’ (२०१६) घेतो. त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला, हे आपण कौतुकाने लिहिले. पण चित्रपट रुततो तो शेवटच्या प्रसंगात, आणि तिथे संगीतच काय, आवाजही नाही. मूल रडते, ते ऐकू येत नाही. रक्ताची इवली पावले तेवढी उमटत जातात. कल्पना दिग्दर्शक नागराज मंजुळे यांची असेल. पण आवाज नेमका कुठे तुटावा, त्यानंतर चित्र किती क्षण टिकावे, हे संकलनाच्या आणि ध्वनीच्या टेबलावरच बसवावे लागते.

आता कायदा पाहा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा वाटा मिळाला. तो न्याय्यच होता. संकलक, ध्वनी आरेखक, रंगसंस्कारक मात्र त्या तरतुदीबाहेर राहिले. म्हणजे सुरांचे उत्पन्न चालू राहू शकते. शांततेला एकदाच मजुरी.

राष्ट्रीय पुरस्कारांत वेगळे दिसते. ७०व्या पुरस्कारांपासून रजत कमळाची रक्कम दोन लाख रुपये आहे : अभिनेत्यालाही तेवढीच, संकलकालाही तेवढीच. तिथे दोन्ही कामे एका तराजूत बसतात. रंगसंस्करणाला मात्र तिथेही स्वतंत्र विभाग नाही.

आणि आपण समीक्षक? कथेला तीन परिच्छेद, अभिनयाला दोन, शेवटी ‘संकलन नेटके’. ‘सैराट’वरचे माझे जुने टिपण काढून पाहिले. शेवटच्या शांततेवर अर्धे पान आहे. संकलक कुतुब इनामदार यांचे नाव नाही, ध्वनीचा उल्लेख नाही. ज्या कामाला समीक्षेत नाव नाही, त्याला बिलात ओळ कुठून मिळणार?

त्या मुलाला मी सुचवले, बिलात तीन ओळी लिही : संकलन, आवाज, रंग. त्याने लिहिल्या. गिऱ्हाइकाने विचारले, “आवाजाचे कसले पैसे?” मुलाने मूळ चित्रण लावले. जनरेटरच्या घरघरीत मंगलाष्टके बुडालेली होती. मग साफ केलेले लावले. आवाजाचे पैसे मिळाले. रंगाची ओळ गिऱ्हाइकाने खोडली.

पुढच्या वेळी रंगाचेही आधीचे-नंतरचे दाखवीन, असे तो म्हणाला. परीक्षण लिहिताना आपल्यालाही तेवढे करता येईल.