ताण आणि परतावा

पुरुषांची टाइट्स हातात आली की गिऱ्हाईक पहिल्यांदा ती दोन्ही हातांनी फर्रकन ताणतं आणि समाधानाने मान डोलावतं. यातून काहीच कळत नाही. स्वस्तातली स्वस्त टाइट्सही ताणली जाते. बघायचं असतं ते सोडल्यावर. मांडीच्या भागावर कापड आडवं ताणून धरा, मनात दहा मोजा आणि सोडा. चांगला माल झटक्यात मूळ रुंदीवर येतो, हलका माल किंचित लांबट, दमल्यासारखा पडून राहतो. संध्याकाळपर्यंत गुडघ्यावर पिशवी लोंबणार की नाही, हे त्या एका क्षणात कळून चुकतं. मी तरी टाइट्सची पारख इथूनच सुरू करतो. रंग, ब्रँड, किंमत सगळं त्यानंतर.

ही परत येण्याची करामत धाग्याच्या पोटात असते. 1958च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने इलॅस्टेन सिद्ध केलं. लायक्रा या व्यापारी नावाने ते घरोघर गेलं. हा तंतू स्वतःच्या लांबीच्या पाचपट सहज ताणला जातो, पण नुसता अंगाला लागला तर रबरासारखा ओढतो. म्हणून तो गाभ्यात ठेवून त्याच्याभोवती नायलॉनचा बारीक धागा गुंडाळतात. खरा दर्जा या गुंडाळण्यात आहे. एकेरी वेढा दिला की काम भागतं आणि पैसे वाचतात. दुहेरी वेढ्यात एक धागा उजवीकडून आणि दुसरा त्यावर डावीकडून फिरतो. दोघांचे पीळ एकमेकांना तोलून धरतात, त्यामुळे वीण सपाट बसते आणि कापड जास्त टिकतं.

हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. गडद रंगाची टाइट्स घ्या, गुडघ्याच्या जागी मूठ घाला आणि मूठ हळूहळू उघडा. ताण वाढला की नायलॉनचे वेढे एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधून इलॅस्टेनचा गाभा डोकावतो. नायलॉनइतका रंग तो पीत नाही, म्हणून तिथे काळ्याचा राखाडी होतो आणि बारीकशी चमक मारते. दुहेरी वेढ्याच्या मालात रंग फिका पडतो, पण सावकाश आणि सगळीकडे सारखा. हलक्या मालात नेमका गुडघा आणि पोटरी पांढुरकी होते, बाकी पाय काळाच राहतो. पायात चढवल्यावर हे हमखास दिसणार, आणि तेव्हा माल परत घ्यायला दुकानदार तयार नसणार.

मूठ आत आहे तोवर हात दिव्यासमोर धरा. बोटं फाकवली की वीण उलगडते. आडवे पट्टे दिसत असतील, तर एका ओळीत लवचीक धागा आणि पुढच्या ओळीत साधं नायलॉन अशी विणाई आहे. त्यात गैर काही नाही, रोजच्या वापराच्या बऱ्याच टाइट्स अशाच असतात. प्रत्येक ओळीत वेढ्याचा लवचीक धागा घातला की पट्टे नाहीसे होतात, पृष्ठभाग एकसंध दिसतो आणि कापड पायावर पोटरीपासून मांडीपर्यंत एकाच जोराने बसतं. किंमत चढते, पण ती चढलेली किंमत मला पटते. आतमध्ये हात घालताना मात्र अंगठी आणि घड्याळ काढा. नखाचा एक खरखरीत कोपरासुद्धा टाके सुटून शिडी पाडायला पुरतो.

आता डेनियरविषयी. या आकड्याचा बाऊ फार होतो. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. 20ला पाय दिसतो, 40ला धूसर होतो, 80च्या पुढे कापड अपारदर्शक होतं. हिशेब एवढाच. पण एका कंपनीचे 50 दुसरीच्या 50शी जुळतीलच असं नाही, आणि आकडा मोठा म्हणजे माल भारी हा तर निव्वळ गैरसमज. त्यापेक्षा धागा किती तंतूंचा आहे हे महत्त्वाचं. 40 डेनियरचा धागा 13 तंतूंचा असेल तर तो राठ आणि चकचकीत लागतो. तेवढ्याच जाडीत 34 तंतू बसवले की तो मऊ आणि मॅट होतो. एकेक तंतू एका डेनियरच्याही खाली गेला की त्याला मायक्रोफायबर म्हणायचं. पुरुषांच्या पायाला मॅट शोभतं असं माझं ठाम मत आहे, चकाकी सर्कशीला ठेवावी. पाकिटावर तंतूंची संख्या सहसा नसते, तेव्हा तळहातापेक्षा हाताच्या पाठीवरून कापड फिरवून बघा. तिथली कातडी जास्त खरं बोलते.

मग पुरुषांची टाइट्स वेगळी कशात? टाइट्स कशी बनते हे बघितलं की उत्तर मिळतं. सुमारे चार इंच व्यासाच्या गोल यंत्रावर, साधारण 400 सुयांवर, एकेक पाय सरळ नळीसारखा विणला जातो. नंतर दोन नळ्या वरच्या बाजूने चिरतात आणि एकमेकींना जोडतात. म्हणजे पाऊल, पोटरी, मांडी हे भाग यंत्र करतं, पण आसन शिवणारा माणूस करतो, आणि पुरुषाची टाइट्स तिथेच जमते किंवा फसते. आसनात नुसती सरळ शिवण असेल तर पुढे कापड कमी पडतं, ताण खाली ओढतो आणि चार पावलांत आसन मांडीत उतरतं. चांगला कारागीर तिथे लांबट तुकडा बसवतो, पुढचा भाग मागच्यापेक्षा उंच बेततो आणि पुढे थोडी खोली ठेवतो. ही खोली महत्त्वाची. बऱ्याच कंपन्या एवढं करत नाहीत. बायकांच्या मोठ्या मापाला पुढे एक फट शिवतात, डब्यावर पुरुषाच्या पायाचा फोटो छापतात आणि किंमत वाढवतात. ती फट बहुतेकदा कुचकामी असते. खोली नसेल आणि नुसती फट असेल, तर तो माल जिथला तिथे ठेवा.

मापाचंही तसंच. बायकांच्या टाइट्समध्ये माप वाढतं ते मुख्यतः नितंबाकडे. सहा फुटी, सडपातळ पुरुषाला हवी असते लांबी आणि पाऊल. म्हणून पाकिटामागचा उंची-वजनाचा तक्ता नीट वाचावा आणि दोन मापांच्या सीमेवर असाल तर बिनदिक्कत मोठं घ्यावं. लहान माप घट्ट बसेल या आशेने घेणारे लोक दिवसभर कमरेशी हात नेत असतात.

आपल्याकडे पायाला चिकटून बसणाऱ्या पुरुषी वस्त्राचा प्रश्न चुडीदाराने केव्हाच सोडवला आहे, पण वेगळ्या वाटेने. ते कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं, त्याला ताण नाही. म्हणून ते उरेब बेततात, तिरप्या दिशेने जे थोडं लवतं तेवढ्यावर भागवतात आणि उरलेली लांबी घोट्यावर चुण्या होऊन साठते. टाइट्सचं कापड फाशांचं असतं, प्रत्येक फास ओढल्यावर आकार बदलतो. 1589 साली नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र केलं, तेव्हा त्याने हाच फास यंत्रावर आणला. राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार नाकारला आणि तो फ्रान्सला गेला. ते मोजे घालणारे मोठ्या प्रमाणावर पुरुषच होते. 1701 साली हियासिंथ रिगोने रंगवलेलं चौदाव्या लुईचं चित्र बघा. साठी ओलांडलेला राजा झगा बाजूला सारून, पांढऱ्या रेशमी मोज्यांतले पाय पुढे करून उभा आहे. चेहऱ्यावर वय दिसतं, पायांवर मुळीच नाही. चित्रकाराची खुशामत असेल, पण मोज्यावर सुरकुती नाही हे मी आधी बघितलं.

रंगमंचावर हे वस्त्र अजून पुरुषाचं आहे. बॅलेनर्तकाची टाइट्स जाड आणि मॅट असते, स्नायूंची हालचाल शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी म्हणून. आत डान्स बेल्ट, म्हणजे आधार देणारा लंगोटासारखा पट्टा, असतो, आणि कंबर खाली सरकू नये म्हणून कित्येक नर्तक खांद्यावरून इलॅस्टिकचे पट्टे घेतात. 1911 साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की रंगमंचावर नर्तक निजिन्स्की ‘जिझेल’ बॅलेमध्ये टाइट्सवर नेहमीची तोकडी विजार न घालता उतरला आणि त्याची नोकरी गेली. नंतर तो द्यागिलेवच्या बॅले कंपनीत रमला, तेव्हा नुकसान कोणाचं झालं हे सांगायला नको.

पावलाकडे लोक बघतच नाहीत. तलम टाइट्सना विणलेली टाच नसते. नळी पायाच्या आकाराच्या धातूच्या साच्यावर चढवून वाफ देतात आणि नायलॉन तो आकार धरून ठेवतं. लोकरी किंवा सुती टाइट्समध्ये मात्र टाच खरी विणलेली असावी, खिसा केल्यासारखी. नसेल तर बुटात कापड गोळा होतं. बोटांवरची शिवण सपाट हवी आणि बोटांच्या टोकाशी नव्हे, किंचित वर. बुटाचं नाक तिथेच दाबतं.

थंडीसाठी मी मेरिनो लोकर वरचढ मानतो. 17 ते 19 मायक्रॉनचा तंतू कातडीला बोचत नाही, आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेतो आणि तरी कोरडा भासतो. म्युनिकच्या जानेवारीत ट्रामची वाट बघणाऱ्या मराठी इंजिनिअरला किंवा हिवाळ्यात स्पीतीला निघालेल्या पुण्याच्या ट्रेकरला चौरस मीटरला 200 ग्रॅमची मेरिनो पुरते. पँटच्या आत तलम नायलॉन घालायचं की लोकर, हे मात्र ऑफिसातल्या हीटरवर ठरतं. लुधियानाचे थर्मल स्वस्त आणि उबदार असतात, पण घोट्याशी संपतात, त्यामुळे मोज्याच्या आणि थर्मलच्या मध्ये एक गार पट्टी राहते. टाइट्समध्ये तो सांधाच नसतो.

धावणाऱ्यांच्या टाइट्सचं शास्त्र निराळं. ती नळी नसते, तुकडे बेतून शिवलेली असते, म्हणून तिथे शिवणच वाचायची. सपाट फ्लॅटलॉक शिवण आतून बोट फिरवल्यावर लागता कामा नये. दुकानात खाली बसून आरशात मागे बघा, कापड झिरझिरीत होतं का ते तिथेच दिसतं. दाब देऊन वेग वाढवण्याच्या जाहिराती मी मनावर घेत नाही. जानेवारीत सीएसएमटीपासून सुटणाऱ्या मुंबई मॅरेथॉनला गुडघ्याच्या वर संपणारी अर्धी टाइट्स भरपूर झाली, त्या दमटपणात घोट्यापर्यंत झाकून घेणं म्हणजे हौस.

खरेदीत खरी अडचण संकोचाची. पुण्याच्या तुळशीबागेत पुरुषाने टाइट्स मागितली की ‘वहिनींसाठी का?’ हा प्रश्न ठरलेला. ‘नाही, मला’ म्हणून बघा. दुकानदार क्षणभर थांबतो आणि लगेच जाडी, माप, रंग यावर येतो, धंदा आहे. ऑनलाइन घेताना फोटोपेक्षा घटक वाचा. तलम मालात इलॅस्टेन दहा-पंधरा टक्के असलं की बरं, धावण्याच्या कापडात वीसच्या आसपास. आसनाचा फोटोच नसेल तर विचारा. उत्तर आलं नाही तर ते उत्तरच समजा.

आणलेला माल दगडावर आपटून किंवा ब्रशने घासून धुतला तर वरचा सगळा खटाटोप वाया. तिसेक अंश पाणी, जाळीची पिशवी, ब्लीच नाही, सॉफ्टनर नाही, इस्त्री तर नाहीच, आणि वाळत सावलीत. उष्णतेने आणि क्लोरीनने आधी इलॅस्टेन मरतं, नायलॉन धडधाकट दिसत राहतं. घालताना पाय गोळा करून बोटांपर्यंत आणा, टाच बसवा, मग थोडं उजवं, थोडं डावं असं वर घ्या. कमरेला धरून ओढणाऱ्याच्या हातात एक दिवस नुसता नेफाच येतो. काळी आवडली तर दोन एकदमच घ्या, कारण पुढच्या हिवाळ्यात कंपनी तीच टाइट्स तशीच विणेल याची खात्री नसते.