मंगळावरच्या नळ्या आणि लोणारचा धडा

मंगळावर यंत्राने खडक खोदला, की आपल्याकडे बातमी येते ती यंत्राच्या पराक्रमाची. किती दूर, किती अवघड, किती खर्चाचे! खोदून काढलेल्या नमुन्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते या उपक्रमाची परीक्षा त्याच प्रश्नावर घ्यायला हवी.

वऱ्हाडातल्या शिक्षकांना खोदण्याचे यंत्र नवे नाही. अमरावती जिल्ह्यात संत्र्याच्या बागेसाठी बोअर मारताना मुलांनी ते पाहिलेले असते. काळी माती, मुरूम, मग काळा दगड. मध्येच लाल थर लागला की वर येणारा चुरा लाल होतो. परंतु हवेच्या दाबाने वर येणाऱ्या चुऱ्यात खालचे-वरचे थर मिसळतात आणि खडकाची मूळ रचना मोडते. ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी मंगळावर २०१३ पासून असाच चुरा काढून आपल्याजवळच्या उपकरणांनी तपासते. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेली ‘पर्सिव्हिअरन्स’ मात्र खडकाचा अखंड तुकडा कापून काढते. हा तुकडा साधारण खडूएवढा असतो आणि टायटॅनियमच्या नळीत हवाबंद केला जातो.

६ ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या प्रयत्नात नळी रिकामी निघाली, कारण खडकाचा भुगा झाला होता. हे अपयश लपवले गेले नाही. गाडीवरच्या ४३ नळ्यांपैकी ५ खडकासाठी नाहीतच. पृथ्वीवरून चुकून काय सोबत गेले, हे कळावे म्हणून त्या आहेत. प्रयोगात आपण तुलनेसाठी एक परीक्षानळी वेगळी ठेवतो, तसेच हे. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात दहा नळ्यांचा एक संच मंगळाच्या जमिनीवर ठेवण्यात आला. इथपर्यंत पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

यंत्र तिथेच तपासणी करते, मग दगड आणायचे कशाला? याचे उत्तर अकोल्यापासून फार दूर नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्केच्या आघाताचे, हा वाद बरीच वर्षे चालला. तळाशी विंधन घेऊन काढलेल्या खडकांत तीव्र आघाताने बनणारी मॅस्केलिनाइट ही काच सापडली आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताची बाजू पक्की केली. वयाचे कोडे मात्र राहिले. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ साली आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. खडक हाती होते म्हणूनच नव्या पद्धतीने तो प्रश्न पुन्हा विचारता आला. क्युरिऑसिटीने मंगळावरच्या एका खडकाचे वय ४२१ कोटी वर्षे काढले, पण त्यात अनिश्चितता होती ३५ कोटी वर्षांची!

आता परीक्षेचा दुसरा भाग. जुलै २०२४ मध्ये नमुना घेतलेल्या एका खडकावरील ठिपक्यांना २०२५ च्या शोधनिबंधात जीवसृष्टीची ‘संभाव्य’ खूण म्हटले आहे. हा ‘संभाव्य’ शब्द गाळायचा, की खूणच खोडायची, हे पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतच ठरू शकेल. पण नळ्या आणायच्या कशा? २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने खर्चाचा अंदाज ८ ते ११ अब्ज डॉलर दिला. एप्रिल २०२४ मध्ये ‘नासा’च्या प्रमुखांनीच ११ अब्जांचा खर्च आणि २०४० पर्यंतची प्रतीक्षा मान्य नसल्याचे सांगितले. नळ्या मंगळावरच आहेत.

थांबल्याने नमुने लगेच बिघडत नाहीत, हा बचाव खरा आहे. अपोलो-१७ ने १९७२ साली चंद्रावरून आणलेली एक बंद नळी २०२२ मध्ये उघडली गेली आणि मधल्या काळात सुधारलेल्या उपकरणांचा लाभ मिळाला. पण ती नळी पृथ्वीवर होती. आणण्याचा मार्ग आणि पैसा पक्का न करता गोळा करायला निघणे, हा आमच्या मते नियोजनाचा गंभीर दोष आहे.

शिक्षकांना एक सूचना. गावात पुढचा बोअर होईल तेव्हा दर दहा फुटांचा चुरा मुलांना वेगळ्या बाटलीत भरायला सांगा. बाटलीवर जागा, तारीख, खोली लिहायला लावा आणि एक बाटली मुद्दाम बिनचिठ्ठीची ठेवा. वर्षभराने ती कुठली, हे मुलांनाच विचारा.